त्या औषधाचं नाव मोठ्याने घेऊ या

मी दारव्ह्यातल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये काम करतो. दुकान रात्री साडेनऊला बंद होतं. मागच्या पावसाळ्यात एकदा शटर अर्धं ओढलेलं असताना एक माणूस आत आला. जवळच्या तांड्यावरचा, तिशीतला, पायाला काळी माती लागलेली. दुकानात दुसरं कोणी नाही हे त्याने आधी बघून घेतलं, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "भाऊ, ते गांजाचं तेल मिळते का? नशेसाठी नाही हो. पोरीले मिरगी येते."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी मी नागपूरच्या एका डॉक्टरांना अशाच खालच्या आवाजात हेच विचारलं होतं, माझ्या भाच्यासाठी. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "जेलमध्ये जायचंय का?" आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेर आलो तर आपा बाकावर बसली होती, मांडीवर पोरगा, त्याच्या डोक्यावर सायकलवाल्यांचं हेल्मेट. काय म्हणाले, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

त्या "काही नाही"बद्दल मला लिहायचं आहे. भांगेच्या झाडापासून बनणारं एक औषध काही मुलांच्या फिट्स कमी करतं हे आता सिद्ध झालं आहे. ते सगळ्या मुलांसाठी नाही, आणि त्याने चमत्कारही होत नाही. पण आपल्या भागात त्याबद्दल विचारायचं म्हटलं तरी आवाज खाली घ्यावा लागतो. डॉक्टर चिडतात, घरचे हराम म्हणतात, पोलिसांची भीती वेगळीच. मग माणूस विचारायचं सोडतो आणि मोबाईलवरून बाटली मागवतो. यात नुकसान होतं ते मुलाचं.

सलाम करणारं बाळ

भाचा जन्मला तेव्हा लगेच रडला नाही. पाचव्या महिन्यात तो अचानक मान खाली टाकून दोन्ही हात पुढे घ्यायला लागला, झोपेतून उठला की लागोपाठ दहा-पंधरा वेळा. आम्ही कौतुकाने म्हणायचो, बघा, मामूला सलाम करतो! दोन महिने आम्ही तो सलाम बघत हसत राहिलो. मी डी.फार्म. झालेला माणूस, तरी माझ्या लक्षात आलं नाही. वैद्यकाच्या पुस्तकात या झटक्यांना 'सलाम अटॅक' असंच नाव आहे, हे मला नंतर कळलं. १८४१ साली वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून या झटक्यांचं पहिलं वर्णन केलं. ते वर्णन त्याच्या स्वतःच्या मुलाचं होतं. त्याचे सगळे उपाय थकले होते, म्हणून त्याने इतर डॉक्टरांना जाहीरपणे विचारलं, की असं कोणी पाहिलं आहे का. आज तो आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो.

आमच्या घरात असं जाहीर काही झालं नाही. फिट आली की कोणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कोणी चप्पल हुंगवायचं. अम्मीला कोणीतरी सांगितलं की हे डॉक्टरचं काम नाही, बाहेरचं आहे. चाळीस दिवस एका ठिकाणी हाजरी द्यायची आणि तेवढे दिवस दवा बंद ठेवायची. त्या जागेचं नाव मी घेत नाही, कारण अशा जागा प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्या सगळ्या एकाच धर्माच्या नाहीत. गोळ्या एकदम बंद झाल्या आणि नवव्या दिवशी पोराला जी फिट आली ती थांबेचना. १०८ ची गाडी येईपर्यंत आणि पुढे यवतमाळला पोहोचेपर्यंत तो झटके देतच होता. तो वाचला. पण त्याआधी तो 'अम्मा' म्हणायचा, ते त्या दिवसापासून बंद झालं.

चौथ्या वर्षी आणखी एक प्रकार सुरू झाला. उभा असलेला पोरगा तोडलेल्या झाडासारखा पडायचा. दिवसातून वीस वेळा. हनुवटी फुटली, दोन दात गेले, मग हेल्मेट आलं. नागपुरात नाव कळलं: लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम. या आजारात झटके अनेक प्रकारचे असतात, नेहमीची औषधं बहुतेक वेळा पुरी पडत नाहीत, आणि मुलाची बौद्धिक वाढ मागे राहते. त्याच आठवड्यात आपाच्या मोबाईलवर एका अमेरिकन मुलीचा व्हिडिओ आला.

औषध नेमकं काय आहे?

ती मुलगी म्हणजे शार्लट फिगी. कोलोरॅडो राज्यातली. तिला ड्रॅव्हे सिंड्रोम हा असाच हट्टी मिरगीचा आजार होता. सगळे उपाय हरल्यावर आईने तिला भांगेच्या एका वाणाचं तेल दिलं. त्या वाणात नशा आणणारं द्रव्य अगदी कमी होतं. तिचे झटके खूप कमी झाले. २०१३ मध्ये ही गोष्ट टीव्हीवर दाखवली गेली आणि जगभरच्या आईबापांनी डॉक्टरांच्या मागे लकडा लावला. शार्लट २०२० च्या एप्रिलमध्ये गेली, तेरा वर्षांची होऊन. पण तोवर तिच्या निमित्ताने निघालेला प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला होता.

भांगेच्या झाडात शंभरहून जास्त द्रव्यं असतात. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा. टीएचसी हे नशा आणतं. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, नशा आणत नाही. मुलांच्या मिरगीसाठी ज्याची नीट परीक्षा झाली ते शुद्ध सीबीडीचं द्रावण आहे. २०१७ मध्ये ड्रॅव्हेच्या १२० मुलां-तरुणांवरच्या चाचणीचे निकाल आले. औषध घेणाऱ्या गटात महिन्याचे मोठे झटके साधारण १२ वरून ६ वर आले, तर नकली औषध घेणाऱ्यांमध्ये ते १५ वरून १४ झाले, म्हणजे जवळजवळ तेवढेच राहिले. पुढच्या वर्षी लेनॉक्स-गॅस्टॉच्या २२५ रुग्णांवरची चाचणी आली. मोठ्या डोसच्या गटात धाडकन पडण्याचे झटके सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले, नकली औषधावर १७ टक्क्यांनी. २५ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या दोन आजारांसाठी 'एपिडिओलेक्स' या नावाने त्याला मान्यता दिली आणि २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या तिसऱ्या आजाराची भर घातली.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. वीस वेळा पडणारा पोरगा दहा-बारा वेळा पडला तर त्याच्या आईला तो अर्धा दिवस परत मिळतो. पण ड्रॅव्हेच्या त्या चाचणीत झटके पूर्ण थांबले असे रुग्ण शंभरात पाचच होते. आणि औषधाचे त्रासही होते: जुलाब, उलटी, गुंगी, भूक मंदावणं, काहींच्या लिव्हरच्या तपासण्या बिघडणं. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लिव्हरचा धोका वाढतो. क्लोबाझाम चालू असेल तर सीबीडीमुळे त्याचा अंश रक्तात साठतो आणि मूल झोपाळून जातं. माझ्या भाच्याला ही दोन्ही औषधं चालू होती.

एवढं वाचूनही मी चुकणार होतो. नागपूरहून परत आल्यावर रात्री मी इंटरनेटवर एक तेल शोधलं. बाटलीवर १,००० मिलिग्रॅम लिहिलेलं. मुलाचं वजन १६ किलो. चाचण्यांमधला डोस किलोला रोज १० ते २० मिलिग्रॅम होता, म्हणजे याला १६० ते ३२० मिलिग्रॅम लागणार. ती हजारो रुपयांची बाटली तीन ते सहा दिवसांत संपली असती. जाहिरातीत सांगितलं होतं, रोज चार थेंब. चार थेंबांत त्या चाचणीतल्या डोसच्या जवळपासही काही जात नाही. शिवाय त्या बाटलीत टीएचसी किती, हे मला कोण सांगणार होतं? आणि लिव्हरची तपासणी कोणाला दाखवणार होतो? ज्या डॉक्टरांना औषधाचं नावच सांगता येत नाही त्यांना? मी मोबाईल बंद केला. पण खरं सांगतो, माझ्याकडे गणित करायला फार्मसीचं शिक्षण होतं म्हणून थांबलो. ते नसतं तर मागवलं असतं.

कायदा काय म्हणतो?

आपल्यापैकी अनेकांना वाटतं की भांगेच्या झाडाला हात लावणं म्हणजेच गुन्हा. १९८५ चा एनडीपीएस कायदा कडक आहे यात शंका नाही. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याचा चीक. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. आयुर्वेदिक औषधं बनवणारे काही कारखाने पानांपासून औषधं बनवतात ती त्याच जागेतून. औषधांच्या कायद्यात भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि अशी औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत. एनडीपीएस कायद्यातच वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी परवानगीची वाटही ठेवलेली आहे. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत त्याच वाटेने परवाना घेऊन या झाडावर काम चालतं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भांगेला सर्वात धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढायचं ठरवलं तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. शुद्ध सीबीडीच्या द्रावणाला या दुर्मिळ आजारांसाठी आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनीही मंजुरी दिली आहे.

आणखी एक गोष्ट मला रोज कपाटात दिसते. फेनोबार्बिटल, क्लोबाझाम, डायझेपाम, मिडाझोलम ही मिरगीची नेहमीची औषधं आहेत आणि ती सगळी याच एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी असली की आम्ही ती देतो, लागेल तिथे रजिस्टरमध्ये नोंद करतो, आणि कोणी जेलमध्ये जात नाही. म्हणजे यादीतलं द्रव्य चिठ्ठीवर आणि देखरेखीखाली मुलाला देणं या कायद्याला नवीन नाही.

तरीही भीती खोटी नाही. आपल्याकडे कपाशी-तुरीच्या ओळीत लावलेला गांजा पकडल्याच्या बातम्या येतात. त्यात एखादं आपलं नाव आलं की मथळा मोठा होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाला अटक झाली, तो तीन आठवड्यांहून जास्त काळ कोठडीत राहिला आणि पुढच्या मे महिन्यात त्याच्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून नाव वगळलं गेलं. एवढ्या मोठ्या बापाच्या पोराचं हे होतं तर दारव्ह्याच्या भाड्याच्या घरात पार्सल आलं आणि कोणी तक्रार केली तर आमचं काय होईल, असं आपा म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी कोणालाही हे गुपचूप मागवायला सांगणार नाही. तज्ज्ञाची चिठ्ठी, बिल आणि फाईल हीच आपली ढाल आहे. आपल्या नावाच्या माणसाला ती दुप्पट लागते.

हराम-हलालचा प्रश्न

अम्मीचा आक्षेप वेगळा होता. भांग म्हणजे नशा, नशा म्हणजे हराम, हरामात शिफा कशी असेल? मी वाद घातला नाही. मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांकडे गेलो, औषधाचा कागद नेला आणि त्यात नशेचं द्रव्य काढून टाकलेलं असतं ते समजावलं. ते म्हणाले, यात नशा नाही, जाणकार डॉक्टर लिहून देत असेल आणि मुलाची गरज असेल, तर मला कुठे अडवता? आजाराला इलाज करा, असं हुजूरांनी सांगितलेलं तुम्हाला माहीत नाही का? मी तीन महिने ज्या उत्तराला घाबरत होतो ते पाच मिनिटांत मिळालं. सगळे मौलाना असंच म्हणतील असा माझा दावा नाही. पण आपण विचारतच नाही आणि फतवा आपल्याच मनात काढून ठेवतो.

बुखारी-मुस्लिमच्या हदीस संग्रहात एका स्त्रीची हकीकत आहे. तिला झटके यायचे. ती पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, झटक्यात माझे कपडे बाजूला होतात, माझ्यासाठी दुआ करा. त्यांनी तिला विचारलं, तुला सब्र करायचा आहे की बरं होण्यासाठी दुआ हवी? तिने सब्र निवडला, फक्त उघडी पडू नये एवढी दुआ मागितली, आणि त्यांनी ती केली. या हकीकतीत तिला कोणी मारत नाही, साखळीने बांधत नाही. तिची लाज राखली जाते आणि तिला काय हवं ते तिलाच विचारलं जातं. आपण काय केलं? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रयघराला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळूही शकले नाहीत.

आपल्याच जुन्या हकिमांनी मिरगीला मेंदूचा आजार मानलं होतं. इब्न सिना यांच्या 'अल-कानून'मध्ये त्यावर वेगळं प्रकरण आहे. पंधराव्या शतकातल्या अल-बद्री या अरब लेखकाने बगदादच्या एका दरबारी अधिकाऱ्याच्या मुलाची गोष्ट नोंदवली आहे. त्याची मिरगी भांगेच्या पानांनी थांबली, पण पुढे त्याला तिच्याशिवाय राहवेना. फायदा आणि किंमत, दोन्ही त्या लेखकाने लिहून ठेवलं. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात डॉ. ओशॉनेसी यांनी या झाडाचा अभ्यास केला तेव्हा पंडितांबरोबर हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली आणि तेहरानचे एक हकीम यांनाही विचारलं आणि त्यांची नावं आपल्या निबंधात घेतली. त्याच निबंधात झटके येणाऱ्या चाळीस दिवसांच्या बाळाला त्यांनी हे औषध दिल्याची नोंद आहे. ते बाळ बरं झालं. आज त्या काळचे थेंब आपण मुलाला देऊ नयेत, कारण आता शुद्ध औषध आणि मोजलेला डोस आहे. पण एक इमामबाडा जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी या प्रश्नावर उघडपणे बोलत होता, हे आपल्या पोरांना माहीत असावं.

आधी साधी गोष्ट

आता सर्वात महत्त्वाचं. मिरगीच्या बहुतेक मुलांना या औषधाची गरजच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य निदान आणि उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. त्यासाठी लागणाऱ्या गोळ्या जुन्या आणि स्वस्त आहेत. हट्टी मिरगी कशाला म्हणायचं याचीही व्याख्या आहे: नीट निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये देऊनही झटके थांबले नाहीत तर. तेव्हा सीबीडी हा एक पर्याय आहे. केटोजेनिक आहार आणि काही मुलांसाठी मेंदूची शस्त्रक्रिया हेही पर्याय आहेत. ते ठरवायला मुलांच्या मेंदूचा तज्ज्ञ लागतो.

आपल्या जिल्ह्यात अडतं ते इथे. यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज १९८९ पासून आहे. पण झरी-जामणीच्या किंवा उमरखेडच्या आईला मूल घेऊन तिथे पोहोचायलाच एक दिवस आणि एक रोजी जाते. पुढे नागपूर म्हणजे आणखी दीडशे किलोमीटर. महिन्याच्या गोळ्या कधी सरकारी दवाखान्यात नसतात, मग आमच्या दुकानातून दहा दिवसांच्या नेल्या जातात आणि उरलेले वीस दिवस अल्लाहच्या भरवशावर. दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी योजना आहेत. रोजच्या गोळीसाठी मात्र खिशातच हात घालावा लागतो. आणि हे नवं औषध तर अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा वर्षाला सुमारे ३२,५०० डॉलरचं होतं. भारतात ते त्यापेक्षा स्वस्त झालं तरी सरकारने हात दिल्याशिवाय ते आपाच्या घरात येणार नाही.

म्हणून मागणी करायची तर या क्रमाने करू या. पहिली, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मिरगीच्या मूळ गोळ्या बाराही महिने. दुसरी, 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'ची पथकं अंगणवाडी आणि शाळेत जातात, त्यांच्या ३० आजारांच्या यादीत झटक्यांचा आजार आहे. तो नुसता कागदावर न तपासता मुलाला तज्ज्ञापर्यंत पोहोचवा. तिसरी, मुंबईची एपिलेप्सी फाउंडेशन आरोग्य खात्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत जशी शिबिरं घेते तशी शिबिरं आपल्याकडे नियमित व्हावीत. आणि चौथी, ज्या थोड्या मुलांना सीबीडीची खरोखर गरज आहे त्यांना ते सरकारी मेडिकल कॉलेजातून, तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर आणि तपासण्यांसह मोफत मिळावं.

हे अशक्य वाटत असेल तर मॉर्फिनची गोष्ट आठवा. कॅन्सरच्या वेदनेवरचं हे औषध एनडीपीएसच्या धाकाने दुकानांतून आणि दवाखान्यांतून नाहीसं झालं होतं. केरळमधल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलून परवान्याची पद्धत सोपी केली. त्याच केरळात, मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्यात, गावोगावची साधी माणसं स्वयंसेवक झाली. दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी शेजारच्या रुग्णाच्या घरी जाऊ लागल्या, वर्गणी काढून औषधं पुरवू लागल्या. आपल्याकडे मशिदीला कमिटी आहे, उरुसाला कमिटी आहे, क्रिकेटच्या टूर्नामेंटला कमिटी आहे. मिरगीच्या मुलासाठी का नसावी?

तुम्ही काय करू शकता

हा लेख वाचणारे बरेचजण विशी-पंचविशीतले आहेत. घरात औषधाचा कागद वाचता येणारे तुम्हीच आहात. फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, चप्पल-कांदा दूर ठेवा. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. दुसऱ्या कोणाला मोबाईलवर शूटिंग करायला सांगा, कारण डॉक्टरांसमोर फिट येत नाही आणि तो व्हिडिओ त्यांना खूप काही सांगतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू देऊ नका, मग सांगणारा कितीही मोठा पीर असो. रमजानमध्ये रोजे ठेवायचे तर गोळ्यांच्या वेळा आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि मुलींच्या बाबतीतलं लपवणं बंद करा. लग्न मोडेल म्हणून पोरीच्या गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवणारी घरं मला माहीत आहेत. सासरी गेल्यावर ती गोळ्या घेऊ शकत नाही आणि पहिली फिट चुलीपाशी येते. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात मिरगी हे लग्नाच्या आड येणारं कारण होतं, ते १९९९ मध्ये संसदेने काढून टाकलं. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याच्या कारणांत ती कधी नव्हतीच. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या 'संवेदना' गटात मिरगी असलेली माणसं एकमेकांना भेटतात, उघडपणे बोलतात, लग्नंही जुळवतात. असा गट मराठीत चालतो, मग दखनीत किंवा वऱ्हाडीत का चालू नये?

भाच्याचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी आवाज खाली घेतला नाही. कागद पुढे ठेवून विचारलं. त्यांनी पूर्ण वाचला, म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे, पण आधी एक औषध कमी करू, एक बदलू, लिव्हर बघू आणि मग ठरवू. पडण्याचे झटके वीसवरून सात-आठवर आले आहेत. सीबीडीचा विषय फाईलमध्ये त्यांच्या अक्षरात लिहिलेला आहे. हेल्मेट अजून आहे. अम्मी स्वतः सकाळ-संध्याकाळ गोळ्या मोजते.

आणि तो तांड्यावरचा बाप? त्या रात्री मी शटर पुन्हा वर केलं आणि त्याला उद्या पोरीची फाईल घेऊन यायला सांगितलं. तो आला. पोरीला तीन वर्षांपूर्वी औषध सुरू झालं होतं, तेव्हा वजन ११ किलो. आता १९. डोस तोच. मी डोस बदलू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. मी चिठ्ठीच्या मागे दोन्ही वजनं लिहिली आणि त्याला यवतमाळला पाठवलं. तिथे डोस वाढवला गेला. दिवाळीच्या आधी तो गोळ्या न्यायला आला तेव्हा दोन महिने फिट आली नव्हती. गांजाच्या तेलाचं त्याने नाव काढलं नाही. त्याच्या पोरीला ते लागणारच नव्हतं. पण त्याने ते विचारायला तोंड उघडलं म्हणून फाईल उघडली गेली.